तिकडच्या कोसमटोल्यात मी लावलेली पाटी

कुरखेडा,
मंगळवार, ३ मार्च २००९

आदरणीय देवाजीभाऊ आणि वहिनी यांना,
सत्यशीलेचा सप्रेम जयभीम.

आधी माफी मागते. दिवाळीपासून तुमची दोन पत्रं आली आणि माझ्याकडून एक ओळ गेली नाही. ‘कामात होते’ असं लिहिणार होते, पण ते पूर्ण खरं नाही. (कामात होतेच, पण ते काम आहे की नाही हे ठरवण्यात निम्मे दिवस गेले.) फोन करता आला असता, पण फोनवर तुम्ही नुसतं ‘मंग?’ म्हणता आणि मला पुढचं सुचत नाही. तुमचा खोकला कसा आहे? पाळीवर जाताना तोंडाला रुमाल बांधता ना? घुग्घुसच्या कोळशाची धूळ कोणाची नातेवाईक नाही. वहिनींच्या गुडघ्यांना करंजाच्या कडू तेलाने आराम पडला असेल असं समजून मी खूश होते, पण तुमच्या प्रफुलच्या फोनवरून कळलं की त्या तेलाची फोडणी दिली गेली आणि तुम्ही दोघं दिवसभर गूळ खात होतात. बाटलीवर लिहायला मी विसरले. चूक माझीच.

मागच्या खेपेस जेवताना तुम्ही विचारलं होतं, ‘तू त्या संस्थेत करतं तरी काय, एका वाक्यात सांग.’ मला राग आला, कारण एका वाक्यात सांगता येईना. आता येतं. गेले सहा महिने मी उडते.

सविस्तर लिहिते. आमचे सचिव श्रीहरीसर तुम्हाला आठवत असतील, तुमच्या घरी चहात बिस्कीट बुडवताना ‘सहभागी प्रक्रिया’ म्हणाले होते ते. गेली पंधरा वर्षं आमचा जनसंपर्क म्हणजे बसमधून उतरायचं, चालायचं, बाया जिथे बसल्या असतील तिथे बसायचं, कोरा चहा प्यायचा आणि तेंदू, हिरडा, वनहक्काचे दावे यावर बोलायचं. हा प्रकार फार मागासलेला आहे हे जुलैमध्ये श्रीहरीसरांना पुण्याच्या एका हॉटेलातल्या कार्यशाळेत समजलं. तिथून ते बॅग, पेन आणि दृष्टी घेऊन आले. (पेन वडसा स्टेशन येईपर्यंत संपलं. दृष्टी अजून आहे.) प्रगत देशांतल्या संस्था म्हणे आता सभा, मेळावे, प्रदर्शनं कंप्युटरच्या आतल्या एका जगात भरवतात. तिथे गावं असतात, रस्ते असतात, आणि जो तो आपलं एक बाहुलं करून त्यात हिंडतो. जगभरचे लोक भेटतात आणि कोणाला मलेरिया होत नाही. मी विचारलं (मीच विचारते, बाकीचे शहाणे आहेत) की आपल्या गावांत दिवसातून चार तास वीज असते, तर लोक तिथे जाणार कसे? श्रीहरीसर दयेने म्हणाले, ‘‘सत्यशीलाताई, लोकांनी कुठे जायचं नाही. लोकांपर्यंत पोहोचलेल्या आपल्यापर्यंत जगाने पोहोचायचं आहे.’’ हे वाक्य मी वहीत उतरवून तीनदा वाचलं. अक्षर चांगलं आलं आहे.

त्या जगाचं इंग्रजी नाव लांब आहे. आम्ही त्याला ‘तिकडं’ म्हणतो. (एकदा सरांच्या सासूबाईंचा फोन आला. ‘‘सर तिकडं गेलेत, दोन तास झाले,’’ असं कोणीतरी सांगितलं आणि म्हातारी रडायलाच लागली.) तिकडं आम्ही आमच्या कामाचं एक गाव हुबेहूब उभारायचं ठरवलं, कोसमटोला. उभारलं तहसीनने. बसस्टँडसमोर गुलाम रसूलचाचांचं झेरॉक्स-लॅमिनेशनचं दुकान आहे, त्याच्या मागच्या खोलीत त्यांच्या या लेकीचा कंप्युटर क्लास चालतो आणि तालुक्यातलं बरं इंटरनेट तिथेच आहे. तहसीन दगडालाही टायपिंग शिकवेल. तिनेही मन लावून केलं, पण तिकडं मोहाचं झाडच मिळेना. नारळ होते, बर्फाचे डोंगर होते, रात्री आपोआप पेटणारं निळं झाड होतं. शेवटी एका परदेशी झाडाला तिने पिवळी फुलं चिकटवली. शेळी नव्हती, म्हणून शिंगं काढलेली हरणं बांधली. कौलारू घराच्या जवळचं म्हणून जे मिळालं ते जादूगाराचं झोपडं होतं, त्याला धुराडं होतं. पुढे पाहुण्यांनी आमच्या गावाची धूररहित चूल म्हणून त्याचं फार कौतुक केलं, आणि अहवालात आम्ही ते कौतुक नाकारलं नाही.

माझंही बाहुलं करायचं होतं. इथे माझे तीन दिवस गेले. तिकडं चव्वेचाळीस वर्षांची बाई मिळत नाही. एकतर वीस वर्षांची मिळते नाहीतर चेटकीण. वीस वर्षांची झाले तर ती फसवणूक नाही का, असं मी विचारलं. तहसीन म्हणाली, ‘‘दीदी, अब तिकडं भी गुडघेदुखी घेऊन जाणार का?’’ शेवटी वीस वर्षांची झाले आणि मनाच्या समाधानासाठी चष्मा लावून घेतला. साडी नेसवली ती वाऱ्यावर उडते, कारण मी उडते. आमची लाइन इतकी हळू की पायाने चालायला घेतलं तर बाहुलं जागच्या जागी कवायत करतं. उडालं की निदान हलतं, पण खाली उतरणं मला अजून जमलेलं नाही.

सप्टेंबरात उद्घाटन झालं. पाहुणे आधी टकले येतात आणि पाच मिनिटांनी त्यांना केस फुटतात, तेही लाइनमुळेच. एक कोल्हा आला होता, सूट घातलेला. एकाला पंख होते. एक जवळजवळ उघडाच होता, त्याने नाच कुठे आहे असं विचारलं आणि नाही म्हटल्यावर निघून गेला. महिनाअखेर ‘संपर्क झालेल्या व्यक्ती : २१२’ असा आकडा गेला. त्यातले एकशेचाळीस वेळा श्रीहरीसरच होते. लाइन तुटली की ते बाहेर फेकले जात आणि पुन्हा आत येत, आणि दर वेळी यंत्र त्यांना नवा पाहुणा समजून नमस्कार करी. मी हे लक्षात आणून दिलं. ‘‘दर वेळी मी नव्या उमेदीनेच येतो,’’ असं उत्तर मिळालं.

इथवर हसून झालं असेल तर पुढचं जरा सावकाश वाचा. अमेरिकेतल्या ज्या मंडळींच्या मदतीवर हे चाललं आहे त्यांनी सुचवलं की प्रत्येक झाडाला पाटी हवी. झाड कोणाचं, त्या घराची चार ओळींची गोष्ट, आणि फोटो. त्याने पाहुण्यांचं काळीज हलतं. पाट्या लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं मराठी बरं आणि प्रामाणिकपणाबद्दल नाव. तुम्हाला ठाऊक आहे, पण वहिनींसाठी लिहिते : जंगलातली मोहाची झाडं कागदावर कोणाचीच नसतात. गावात मात्र प्रत्येक झाडाचं घर ठरलेलं. फुलं गळायच्या आधी ज्या घरचं माणूस झाडाखालचा पाला झाडून जाळतं, त्या घराने फुलं वेचायची. पिढ्यान्‌पिढ्या असंच आहे. सातबारा नाही, पाटी नाही, भांडण नाही. म्हणजे मी पाटी लावेपर्यंत नव्हतं.

मी गेल्या मार्चमध्ये काढलेले फोटो समोर ठेवले आणि ज्या झाडाखाली जो झाडताना दिसला त्याचं नाव लिहीत गेले. नाल्यापलीकडचं सगळ्यात मोठं झाड, त्याखाली हातात खराटा घेऊन, पेटलेल्या पाल्याच्या धुरात पत्रू उभा होता. मी लिहिलं, ‘पत्रूचं मोहाचं झाड’. झाड बायनाबाईचं आहे. ती विधवा आहे, पत्रू तिचा धाकटा दीर. त्या एका झाडाच्या फुलांवर तिचे पावसाळ्याचे महिने निघतात. फोटो काढला त्या आठवड्यात ती लेकीच्या बाळंतपणाला सावली गावी गेली होती आणि झाडायचं तेवढं पत्रूला सांगून गेली होती. आता हे मला कुठून कळणार?

जानेवारीत श्रीहरीसरांना वाटलं, गाव स्वतःला तिकडं पाहतंय असे फोटो हवेत. तहसीनने सगळं एका सीडीवर घेतलं. जीपमध्ये जनरेटर घालून आम्ही कोसमटोल्याला गेलो आणि दिवेलागणीला समाजमंदिराच्या भिंतीवर चादर लावून गावाला गाव दाखवलं. आधी सगळे खुशीत होते. मग गावपाटील चैतूभाऊ उठून चादरीजवळ गेले.

‘‘नाला उलटा काऊन वाहून राह्यला जी?’’

‘‘चाचा, वो कंप्युटर का पानी है,’’ तहसीन म्हणाली.

‘‘मंग त्याले सांगा. पावसाळ्यात शाळा बुडते अशानं.’’

तेवढ्यात चादरीवर मी उडत आले. एका म्हातारीने मला ओळखलं, चष्म्यावरून. ‘‘हे बाई इथी येते तं पायी येते. तिथी उडून राह्यली. इथी काऊन नाई उडत?’’ मागून कोणीतरी म्हणालं, ‘‘इथी डिझेल नाई मिळत.’’ एवढं हसू मी त्या समाजमंदिरात कधी ऐकलं नव्हतं. श्रीहरीसर फोटो काढत होते. मग तहसीन पाट्या वाचू लागली.

नाल्यापलीकडची पाटी वाचल्यावर पत्रू म्हणाला, ‘‘पुन्हा वाचा मॅडम.’’ तिने वाचली. ‘‘अजून एकदा.’’ तिने वाचली. बायनाबाई उभी राहिली.

‘‘पत्रू, ते झाड माह्यं हाय. सासूनं मले देल्लं. तुले मी पाला झाडाले सांगतलं होतं, फक्त झाडाले.’’

‘‘वयनी, मी कुठी म्हणतो माह्यं हाय?’’ पत्रू अगदी नम्रपणे म्हणाला. ‘‘कंप्युटर म्हणून राह्यला.’’

भाऊ, पंधरा वर्षं आम्ही त्या गावात ‘लिहिलेलं मागा, कागद मागा, तोंडी शब्दावर जाऊ नका’ असं सांगत होतो. कोणी ऐकलं नाही. शेवटी एकाने ऐकलं. पत्रू दुसऱ्या दिवशी कुरखेड्याला आला आणि तहसीनच्या क्लासातून त्या पाटीचं रंगीत चित्र काढून घेतलं. खाली आमच्या संस्थेचं चिन्ह आणि अमेरिकेतल्या मंडळींचा गरुड आहेच. गुलाम रसूलचाचांनी विचारलं, ‘‘असली है ना?’’ ‘‘शिक्का हाय ना जी,’’ पत्रू म्हणाला. चाचांनी मग जाड प्लास्टिक वापरलं. महाशिवरात्रीपासून ते चित्र सुतळीने झाडालाच टांगलेलं आहे, आणि पत्रू रोज पहाटे पाला झाडतो. म्हणजे जुना कायदाही त्याच्या बाजूने आणि नवाही. तो गेला की बायनाबाई येऊन झाडते. पाला केव्हाच संपला. दोघं आता धूळ झाडतात. त्या झाडाखाली जेवायला बसावं इतकी जमीन स्वच्छ आहे, आणि दहा-बारा दिवसांत फुलं गळायला लागतील.

मी पाटी बदलायला गेले. म्हणजे तहसीनच्या क्लासात बसून तिकडं गेले. झाडाच्या शेंड्यात अडकले. पाऊण तास फांदीत डोकं आणि पाय हवेत. पाटीला हात लावला की इंग्रजीत सूचना येई, ‘ही वस्तू तुमची नाही.’ (हे त्या जगातलं मला भेटलेलं एकमेव खरं वाक्य.) सुटातला कोल्हा पुन्हा आला होता. त्याने मला खालून विचारलं, मी पत्रू आहे का? मी नाही म्हणून लिहिलं. तो म्हणाला, पत्रूला सांगा की आमचं सगळं कुटुंब त्याच्यावर प्रेम करतं.

सर्व अधिकार श्रीहरीसरांच्या बाहुल्याकडे आहेत, म्हणून खऱ्या श्रीहरीसरांकडे गेले. ते म्हणाले, आता अशक्य. पत्रूच्या पाटीचा फोटो वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर गेला आहे. अमेरिकेतल्या एका शाळेने ‘पत्रूचं झाड’ दत्तक घेतलं आहे, मुलांनी झाडाला वाढदिवसाची कार्डं पाठवली आहेत. आता नाव बदलणं म्हणजे माहितीत फेरफार. पण ते कठोर नाहीत. त्यांनी तोडगा काढला की बायनाबाईला तिकडं दोन झाडं द्यायची. तहसीनला ते एका मिनिटाचं काम. हे बायनाबाईला कळवण्याची जबाबदारी अर्थात माझी.

बायनाबाईच ऑफिसात आली, गेल्या शुक्रवारी. चौदा किलोमीटर चालून. खुर्ची दिली तरी जमिनीवर बसली. मी तिला दोन झाडांचं सांगितलं. होय, सांगितलं. ते सांगताना माझा आवाज कसा होता ते मी वहीत लिहिलेलं नाही. तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘तिथली फुलं इथी पडतात का?’’

मी नाही म्हटलं.

‘‘मंग ते कोल्ह्याले द्या.’’ (तहसीनने तिला कोल्ह्याचं सांगितलेलं दिसतं.) मग पदर सारखा करून म्हणाली, ‘‘तुमी लिवलं ना बाई? मंग तुमीच सांगा चुकलं म्हून. तिकडं जाऊन नोका सांगू. इथी या. पुढच्या हप्त्यात रविवारी गावसभा हाय, या झाडाचंच हाय. माह्यं बोलणं झालं दोनदा. लोक म्हणतात, बायना, तुह्या तोंडाचं ऐकू का बाईच्या पाटीचं? पाटीवाल्या बाईनं खोटं काऊन लिवलं असंन?’’

मी येते म्हणाले. तासाभरात श्रीहरीसरांनी मला बोलावलं. संस्थेच्या माणसाने गावसभेत उभं राहून संस्थेची माहिती चुकीची आहे असं सांगितलं तर एका झाडाचा प्रश्न राहत नाही, बाकीच्या सगळ्या पाट्यांचा होतो, अहवालाचा होतो. वैयक्तिक मत म्हणूनही बोलू नये. आणि माझी नेमणूक एकतीस मार्चला संपते, हे त्यांनी सहज, कॅलेंडरकडे पाहत सांगितलं. आवाज चढवला नाही. त्यांचा हाच गुण मला नेहमी आवडत आला.

तेव्हापासून चार दिवस मी न्याय करते आहे. बाजू मांडते, खोडते. संस्था बुडाली तर वनहक्काचे दावे कोण लढणार? (लढतो का आपण?) एका झाडासाठी बावीस गावांचं काम धोक्यात घालावं का? (बावीस गावांचं काम गेल्या सहा महिन्यांत कोणी केलं?) पत्रूही गरीबच आहे. (आहे.) शेवटी एवढंच हाती लागलं की मी चुकले हे सांगायला मला श्रीहरीसरांनी बंदी केली आहे आणि त्या बंदीचा मला आतून थोडा आनंद झाला आहे. असा आनंद ज्या बाईला होतो तिला गावात पाय ठेवायचा हक्क आहे का, यावर पाचवी रात्र घालवायचा माझा विचार होता. पण त्याऐवजी तुम्हाला पत्र लिहायला घेतलं.

बाकी सर्व क्षेम. उन्हं वाढली आहेत. माझी तब्येत बरी आहे, जेवण वेळेवर होतं, काळजी करू नका. प्रफुलच्या परीक्षेला माझे आशीर्वाद. वहिनींना म्हणावं, उरलेलं तेल टाकू नका, पण चुलीपासून लांब ठेवा.

तुमची धाकटी बहीण,
सत्यशीला

ता.क. हे पत्र हसण्यासाठी लिहिलं आहे. वहिनींना मोठ्याने वाचून दाखवा. मात्र खालचं तुम्ही एकट्याने वाचा.

ता.क. २. बायनाबाई सावलीला गेली होती हे मला कुठून कळणार, असं मी वर लिहिलं. दुपारी जुनी वही काढली. माझ्याच अक्षरात आहे : ‘११ मार्च २००८, कोसमटोला. बायनाबाई उद्या सावलीला निघते, लेक अवघडली आहे. झाडाखालचं झाडायला दीर पत्रूला सांगून ठेवलंय म्हणाली. तिच्या हातचा चहा कोरा, पण गोड.’ तिने मला सांगितलं होतं. पाट्या लिहीत होते तेव्हा ही वही टेबलावर माझ्या कोपराखाली होती. तहसीन थांबली होती, फोटो फार सुरेख आला होता, आणि मी उघडून पाहिलं नाही. श्रीहरीसर, लाइन, अमेरिका, कोल्हा यांवर मी एवढी पानं खर्च केली, पण त्यांच्यापैकी कोणालाच बायनाबाईने काही सांगितलं नव्हतं. रविवारी सभेत मी हेच पान वाचणार आहे, आणि पान संपल्यावर माझ्याकडे पाहू नका असं कोणाला म्हणणार नाही.

ता.क. ३. मुख्य काम राहिलंच. शनिवारी तुमची सुट्टी असेल तर मोटरसायकल घेऊन कुरखेड्याला येता का? रविवारी सकाळी मला कोसमटोल्याला सोडायचं आहे. इतक्या लांब बोलावते, माफ करा. ऑफिसची जीप मिळणार नाही हे खरं, पण तहसीन तिची गाडी द्यायला तयार आहे आणि पायी तर बायनाबाईसुद्धा येते. वाहनाची अडचण नाही, भाऊ. एकटी निघाले तर मी रस्त्यात तीन जागी थांबून विचार करीन आणि चौथ्या जागेवरून परत येईन. तुम्ही लहानपणापासून कधी माझ्यासाठी गाडी थांबवली नाही. मागे बसेन. सभेत तुम्ही काही बोलू नका, फक्त गाडीची किल्ली तुमच्या खिशात ठेवा.

माझं उद्याचं काम, एकच : सकाळच्या बसने कोसमटोल्याकडे जाणारं कोणी दिसलं की त्याच्याजवळ चैतूभाऊंना निरोप द्यायचा, रविवारी बोलणाऱ्यांत पहिलं नाव सत्यशीलाबाईंचं धरा.